‘विचारलेवरून जबाब देते की’ : मुलांच्या मुद्रित मुलाखती आणि गोपनीयता

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मागच्या वेळी आपण कांट आणि दिलेला शब्द पाळणं या विषयावर बोललो. त्यानंतर एक पत्र आलं. एका जिल्ह्यात मुलांच्या समुपदेशनाचं काम करणाऱ्या बाईंचं. त्यातला तपशील मी थोडा बदलून सांगते आहे, आणि त्यांना विचारून सांगते आहे. त्या लिहितात : ‘मॅडम, पोलीस ताई मुलाचा जबाब घेतात, मी शेजारी बसते. समोर कॅमेरा चालू असतो. मूल माझ्याकडे बघतं आणि विचारतं, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना? मी काय म्हणू? नाही सांगणार म्हटलं तर खोटं. सांगणार म्हटलं तर मूल गप्प बसतं. तुमच्या कांटने यावर काही लिहून ठेवलंय का?’

लिहून ठेवलेलं नाही. कांटच्या १७९७ च्या प्रसिद्ध निबंधात दाराशी आलेला खुनी आहे, त्याच्याशीही खोटं बोलू नये असं कांट म्हणतो, आणि त्यावरून दोनशे वर्षं लोक कांटशी भांडत आहेत. पण दाराशी खुनी येणं ही तशी विरळा गोष्ट. समोर आठ वर्षांचं मूल बसलंय आणि ‘कुणाला सांगणार नाही ना’ असं विचारतंय, हे आपल्या राज्यात कुठे ना कुठे नेहमी घडत असणार. म्हणून आजचं व्याख्यान या पत्राला उत्तर म्हणून घ्या. मी कायद्याची विद्यार्थिनी नव्हे. कायद्याची पुस्तकं मी वाचते ती एखाद्या ग्रंथावर टीका लिहावी तशी : शब्द काय वापरलेत, कोण बोलतंय, कुणाला बोलू दिलेलं नाही.

तर आधी आपल्याकडच्या एका वाक्यापासून सुरुवात करू. ज्यांनी कधी पोलीस ठाण्यात जबाब दिलाय, किंवा निदान वाचलाय, त्यांना हे वाक्य पाठ असेल. आधी नाव, वय, धंदा, राहणार अमुक. मग : ‘समक्ष पोलीस ठाणे येथे हजर राहून विचारलेवरून जबाब देते की...’ आणि पुढे सलग निवेदन. मी तेथे राहते, मी त्या दिवशी गेले, त्याने मला असे असे म्हटले.

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. बघा, ‘जबाब’ या शब्दाचा अर्थच उत्तर. उत्तर आहे म्हणजे प्रश्न होता. तो प्रश्न कुठे गेला? ‘विचारलेवरून’ या एका शब्दात गेला. कुणी विचारलं, काय विचारलं, किती वेळा विचारलं, पहिल्यांदा ‘नाही’ म्हटल्यावर पुन्हा विचारलं का, आवाज चढवला का, बिस्किटाचा पुडा पुढे केला का, हे सगळं त्या एका शब्दाखाली पुरलेलं आहे. कागदावर उरतं ते जणू मूल आपणहून, न थांबता, पोलिसी मराठीत बोलत सुटलं होतं असं. सहा वर्षांची मुलगी ‘सदर इसमाने’ म्हणते! [हशा] हसू येतं खरं, पण त्या कागदावर कुणाचं तरी आयुष्य ठरणार असतं. मुलीचं, आणि त्या इसमाचंही.

पॉक्सो कायदा २०१२ सालचा. त्याच्या कलम २६ मध्ये दोन चांगल्या गोष्टी आहेत. एक, जबाब मूल जसं बोललं तसाच नोंदवायचा. दोन, शक्य असेल तिथे त्याचं ध्वनिचित्रमुद्रणही करायचं. म्हणजे ‘विचारलेवरून’खाली गेलेला प्रश्न वर काढण्याची सोय कायद्याने केली. ‘शक्य असेल तिथे’ हे शब्द मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे ‘शक्य असेल तिथे’ म्हटलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता एकदा मुद्रण झालं की दुसरा प्रश्न उभा राहतो. ते कुणी बघायचं? आणि इथे ‘गोपनीयता’ हा शब्द येतो. माझी आजची टीका या शब्दावर आहे. गोपनीयता नको असं मी म्हणत नाही, गैरसमज नसावा. माझं म्हणणं असं की त्या मुद्रणात दोन माणसं असतात. एक मूल, जे आपल्यावरचा प्रसंग सांगतंय. दुसरी व्यक्ती मोठी, पगारी, अधिकार असलेली, जी विचारतेय. मुलाचं बोलणं जपायला हवं. विचारणाऱ्याचं विचारणं मात्र तपासायला हवं. आपण एकच झाकण दोघांवर ठेवतो, आणि बहुतेक वेळा त्या झाकणाचा फायदा दुसऱ्याला होतो.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच नावाचं गाव आहे. तिथल्या एका बालवाडीबद्दल १९८३ मध्ये एक तक्रार झाली. पोलिसांनी पालकांना पत्रं पाठवली, गावभर भीती पसरली, आणि लॉस एंजेलिसमधल्या एका संस्थेकडे मुलांना मुलाखतीसाठी नेण्यात आलं. सुमारे ४०० मुलं. हातात बाहुल्या घेऊन मुलाखती घेतल्या आणि त्या चित्रफितीवर मुद्रित केल्या. त्यांतली बहुसंख्य मुलं अत्याचाराला बळी पडली आहेत, असा निष्कर्ष संस्थेने काढला. सात जणांवर आरोप ठेवले गेले, पुढे पाच जणांवरचे मागे घेतले, आणि १९८७ ते १९९० असा खटला चालला. अमेरिकेच्या इतिहासातला त्या वेळचा सर्वांत लांबलेला आणि महागडा फौजदारी खटला. शेवटी एकही आरोप सिद्ध झाला नाही.

का झाला नाही? ज्युरीतल्या लोकांनी नंतर सांगितलं, त्या चित्रफिती. त्यांत मुलं ‘नाही’ म्हणत होती आणि विचारणाऱ्याला ते ‘नाही’ चालत नव्हतं. तुझ्या मित्रांनी तर सगळं सांगून टाकलंय. तू हुशार आहेस ना, मग सांग. आठवत नसेल तर काय झालं असेल असं वाटतं ते सांग. ‘हो’ आलं की शाबासकी. मुलांच्या तोंडी शेवटी भुयारं आणि चेटकिणीसुद्धा आल्या.

मला इथे थोडं थांबायचंय, कारण या गोष्टीचा उपयोग दोन्ही बाजू आपापल्या सोयीने करतात. एक बाजू म्हणते, बघा, मुलं खोटं बोलतात. अजिबात नाही. मुलं खोटं बोलतात हे त्या फितींनी दाखवलंच नाही. मोठी माणसं मुलांना कसं विचारतात, ते दाखवलं. आणि त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट तर वेगळीच आहे. त्या ४०० मुलांपैकी एखाद्यावर खरोखर काही झालं असेल, तर ते आता कुणालाही कधीच कळणार नाही. विचारण्याच्या पद्धतीने खरं आणि घातलेलं यांची अशी काही खिचडी केली की मुलालाही स्वतःला ते वेगळं करता येणार नाही.

दुसरी बाजू म्हणाली, आणि ही बाजू सरकारी वकिलांची होती : मुद्रण करूच नका! फिती नसत्या तर बचावाच्या वकिलाला दाखवायला काही मिळालंच नसतं. गंमत वाटेल, पण अमेरिकेत पुढची काही वर्षं हा युक्तिवाद गंभीरपणे केला गेला. म्हणजे पुन्हा ‘विचारलेवरून’. आणि कारण काय दिलं जाई? मुलाची गोपनीयता हेही त्यात एक कारण असे.

आता या युक्तिवादाला मला एक फार समर्पक उत्तर सापडलं, ते मानसशास्त्रज्ञांकडून. १९९८ मध्ये गार्व्हन, वुड आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्या बालवाडी प्रकरणातल्या मुलाखतींच्या लिखित प्रती वाचून त्यांनी विचारण्याच्या पद्धती काढल्या. मग ३ ते ६ वर्षांच्या मुलांकडे एक पाहुणा गोष्ट सांगायला पाठवला. आठवड्याने मुलांना त्या पाहुण्याबद्दल न घडलेल्या गोष्टी विचारल्या. नुसतंच सुचवून विचारलं तेव्हा मुलांनी अशा १७ टक्के प्रश्नांना ‘हो’ म्हटलं. बालवाडी प्रकरणातल्या पद्धती वापरल्या तेव्हा ५८ टक्के. हे आज जगभर प्रशिक्षणात शिकवतात. ‘काय झालं ते मला सांग’ असं मोकळं विचारावं, मुलाच्या तोंडात शब्द घालू नयेत, ही सगळी आजची शिस्त त्यातून आणि तशा इतर कामातून आली. त्या मुलाखतींची नोंद कुणी केलीच नसती, किंवा गोपनीयतेच्या नावाखाली ती जाळून टाकली असती, तर हे ज्ञान आलं कुठून असतं?

असो. आता एका निकालाकडे वळते, कारण गोपनीयतेचा प्रश्न तिथे उघडपणे मांडला गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २४ फेब्रुवारी १९८७ चा निकाल. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं प्रकरण. तेरा वर्षांच्या मुलीवर तिच्या वडिलांनी अत्याचार केल्याचा आरोप. बालकल्याणाच्या सरकारी संस्थेने चौकशी केलेली, फाइल तयार झालेली. आरोपी म्हणाला, ती फाइल मला दाखवा, त्यात माझ्या बाजूचं काही असेल. संस्था म्हणाली, गोपनीय आहे. राज्याच्या कायद्यात या गोपनीयतेला अकरा अपवाद होते, त्यातला एक न्यायालयाच्या आदेशाचा. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांनी आदेश द्यायला नकार दिला, आणि हे मला विलक्षण वाटतं, आपण पूर्ण फाइल वाचलेली नाही हेही त्यांनी मान्य केलं. शिक्षा झाली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे म्हणाले, आरोपीच्या वकिलाला पूर्ण फाइल बघू द्या. मग देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला : फाइल न्यायाधीशांनी आपल्या दालनात एकट्याने वाचावी आणि आरोपीच्या दृष्टीने महत्त्वाचं काही असेल तेवढं द्यावं.

न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिलेला हा निकाल मी तीन-चार वेळा वाचला. तोल राखणारा आहे, सभ्य आहे. वकिलाच्या नजरेचा फायदा यात आरोपीला मिळणार नाही, हे त्यात कबूलही केलेलं आहे. पण माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला. एकटा न्यायाधीश फाइल वाचतो तेव्हा तो एखादं वाक्य शोधत असतो, मुलीने कुठे काही वेगळं म्हटलंय का असं. सदोष विचारणं हे एका वाक्यात सापडत नाही. ते क्रमात असतं. ‘काकांनी तुला हात लावला का?’ हा प्रश्न वाईट आहे की साधा आहे? काकांचं नाव त्याआधी मुलाने घेतलं असेल तर साधा. नसेल, तर तो प्रश्नच आरोप आहे. हे ओळखायला आधीचं सगळं बघावं लागतं, आणि अशा मुलाखती घेणं म्हणजे काय ते ठाऊक असलेल्या माणसाने बघावं लागतं. न्यायाधीशांना ते ठाऊक असेलच असं नाही.

दुसरा आक्षेप मोठा. या सगळ्या भांडणात संस्था आहे, राज्य आहे, आरोपी आहे, चार पायऱ्यांची न्यायालयं आहेत. सगळे त्या मुलीच्या गोपनीयतेबद्दल बोलतात. तिला कुणी विचारलंय का, तुझ्या फाइलचं काय करू? ती या खटल्यात पक्षकारच नाही. आणि आणखी एक. तुमच्या लक्षात आलं असेल, मी निकालाचं नाव घेतलं नाही. जगभरच्या कायद्याच्या पुस्तकांत ते छापलेलं आहे. राज्याचं नाव, ‘विरुद्ध’, आणि पुढे वडिलांचं आडनाव. वडिलांचं म्हणजे मुलीचंही. गोपनीयतेवरचा एवढा गाजलेला निकाल, आणि जिची गोपनीयता, तिचं आडनाव मथळ्यातच! कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे म्हटलं की ते म्हणतात, मॅडम, ती पद्धतच आहे. पद्धत आहे हे मलाही माहीत आहे.

तत्त्वज्ञानाकडे थोडं वळू, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई वकिली करायला लागल्या. कांटने १७९५ च्या ‘शाश्वत शांतते’च्या निबंधात एक कसोटी दिली. दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंध असलेली तुमची कृती ज्या तत्त्वावर चाललीय, ते तत्त्व उघड केलं तर कृती टिकेल का? टिकणार नसेल तर ती अन्याय्य. ही कसोटी मुलाला लावता येत नाही, मूल कुणाच्या हक्कावर काही करत नाहीये, ते फक्त सांगतंय. विचारणाऱ्याला मात्र नेमकी लागू होते. ‘मी या मुलाला असं विचारलं’ हे उघड झालं तर चालेल का? बेंथमही न्यायाधीशाबद्दल असंच म्हणायचा, की उघडपणामुळे न्याय करणाऱ्याचाच न्याय होत राहतो. आणि आपल्या काळातल्या सिसेला बोक. ‘सीक्रेट्स’ या पुस्तकात त्यांनी व्यावसायिक गोपनीयतेचं समर्थन केलं आहे, आणि ज्याच्यासाठी ती असते त्याच्याऐवजी व्यावसायिकच तिच्या आड स्वतः कसे लपतात, तेही सांगितलं आहे. डॉक्टर, वकील, सरकारी खाती. आम्ही प्राध्यापकही त्यातलेच. उत्तरपत्रिका कशा तपासल्या हे आम्ही किती वर्षं ‘गोपनीय’ ठेवलं होतं!

बोक यांचं म्हणणं ज्याला अतिशयोक्त वाटेल त्याने इंग्लंडकडे बघावं. १९९० मध्ये रॉचडेल इथे सहा वर्षांचा एक मुलगा शाळेत भुताखेतांच्या गोष्टी बोलू लागला. त्यावरून सैतानपूजकांची टोळी असल्याचा संशय आला, आणि वीसच्या आसपास मुलांना घरातून नेलं. १९९१ मध्ये उच्च न्यायालयाने सैतानी अत्याचाराचा आरोप फेटाळला आणि मुलाखतींच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. तरी काही मुलं कित्येक वर्षं घरी गेली नाहीत. पुढे ती मुलं मोठी झाली, आणि २००६ च्या जानेवारीत बीबीसीच्या एका कार्यक्रमात स्वतःच्या नावानिशी, उघड्या चेहऱ्याने समोर आली. लहानपणच्या त्या मुलाखतींच्या फितीही त्यात होत्या. म्हणजे ज्यांच्यासाठी गोपनीयता होती, त्यांनीच सांगितलं, आम्हाला नको. मग कोर्टात वाद कशावर झाला? चौकशी करणाऱ्या दोन समाजकार्यकर्त्यांची नावं गुप्त राहावीत यावर! न्यायालयाने ते मानलं नाही. त्या दोघांना सार्वजनिक छळ व्हावा असं मला बिलकुल वाटत नाही. त्याही कुणाच्या तरी सांगण्यावरून, कुठल्या तरी प्रशिक्षणावरून वागल्या असतील. पण बघा, मुलांनी झाकण काढल्यावर खाली कोण बसलेलं दिसलं.

आता मी माझ्याच म्हणण्यात एक अडचण आहे ती सांगते, नाहीतर प्रामाणिकपणा राहणार नाही. मुलाचं बोलणं झाका, विचारणं उघडं करा, हे म्हणायला सोपं आहे. पण मघाशीच मी म्हटलं की प्रश्न चांगला की वाईट हे आधीच्या उत्तरांवर अवलंबून असतं. म्हणजे उत्तर झाकून प्रश्न तपासता येत नाही. दोन्ही धागे एकमेकांत विणलेले आहेत. मी यावर बराच विचार केला आणि माझं आधीचं मत बदललं. मुद्रणाचे दोन तुकडे करता येणार नाहीत. मग काय करता येईल? कोण बघणार आणि कशासाठी बघणार, याची यादी करता येईल. आपण गोपनीयता म्हणजे कुलूप समजतो. ती खरं तर माणसांची यादी असायला हवी. अमुक माणूस, अमुक कामासाठी, अमुक ठिकाणी बसून. बाकी कुणी नाही.

आपल्याकडे याची सुरुवात आहे, नाही असं नाही. पॉक्सोच्या कलम २३ ने माध्यमांना मुलाची ओळख उघड करायला मनाई केली, ३७ ने बंद दालनात सुनावणी ठेवली. ‘निपुण सक्सेना’ निकालात, ११ डिसेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. ज्यावरून माणूस ओळखता येईल अशी कुठलीही गोष्ट. आणि २९ नोव्हेंबर २०१९ ला केरळमधल्या एका प्रकरणात न्यायालय म्हणालं, पीडितेच्या खाजगीपणाचा प्रश्न असेल तिथे आरोपीला आणि त्याच्या वकिलाला मुद्रण पाहता येईल, प्रत मात्र घरी नेता येणार नाही. ते मुद्रण जबाबाचं नव्हतं, गुन्ह्याचंच होतं, आणि पीडिता प्रौढ होती. पण तत्त्व तेच आहे : बघ, इथे बसून बघ, नेऊ नकोस. दालनात एकट्या न्यायाधीशाने वाचायचं यापेक्षा हे मला किती तरी चांगलं वाटतं. यात वकिलाची नजरही आहे आणि फीत गावभर फिरत नाही.

पण ‘ओळख’ या शब्दाबद्दल एक अनुभव सांगते. निवृत्तीनंतर एका प्रशिक्षण शिबिरात मला नीतिशास्त्रावर बोलायला बोलावलं होतं. कुठलं ते सांगत नाही. माझ्या आधीच्या सत्रात प्रशिक्षकांनी ‘नमुना’ म्हणून एका मुलीचा मुद्रित जबाब पडद्यावर दाखवला. चेहरा धूसर केलेला. नाव आलं तिथे आवाज बंद केलेला. सगळे नियम पाळलेले. चार-पाच मिनिटं झाली असतील, माझ्या मागच्या रांगेतली एक अंगणवाडी सेविका शेजारणीला हळूच म्हणाली, ‘ही तर आपल्याकडलीच पोर.’ आणि तिने वाडीचं नाव घेतलं. कशावरून ओळखलं? बोलण्यावरून. मंडळी, मराठीत माणूस दोन वाक्यं बोलला की तालुका कळतो. कुणी ‘जाऊन राहिलो’ म्हणतं, कुणी ‘गेल्तो’, कुणी ‘खंय’. चेहरा धूसर करण्याचं यंत्र आहे, बोली धूसर करण्याचं नाही. आणि मूल जसं बोललं तसंच नोंदवा, हे तर कायद्यानेच सांगितलंय, बरोबरच सांगितलंय.

मी त्या प्रशिक्षकांना नंतर भेटले. भले गृहस्थ होते. म्हणाले, ‘शिकवायला खरं उदाहरण लागतं ना.’ खरं आहे. आत्ताच मी तुम्हाला ५८ टक्क्यांचा प्रयोग सांगितला, तोही खऱ्या मुलाखतींवरूनच झाला. मग फरक काय? त्या संशोधकांनी लिखित प्रतीतून विचारण्याची पद्धत उचलली, मुलं मागे ठेवली. आमच्या शिबिरात नेमकं उलट झालं. विचारणाऱ्या बाईंबद्दल एक शब्द चर्चा झाली नाही. पंचेचाळीस लोकांनी त्या मुलीला पाहिलं, हळहळले, आणि चहाला गेले. मी सुद्धा गेले. हे मला आजही टोचतं.

बरं, आता पत्राकडे येते. ‘कुणाला सांगणार नाही ना?’

क्लीव्हलंड प्रकरणानंतर इंग्लंडमध्ये न्यायमूर्ती बटलर-स्लॉस यांच्या समितीचा अहवाल १९८८ मध्ये आला. १९८७ मध्ये तिकडे शंभराहून अधिक मुलांवर अत्याचार झाल्याचं वैद्यकीय निदान झालं होतं आणि मोठा गदारोळ उडाला होता. त्या अहवालात काम करणाऱ्यांसाठी एक शिफारस आहे : जे पाळता येणार नाही असं वचन मुलाला देऊ नका, आणि प्रकरण कोर्टात जाऊ शकतं हे ध्यानात घेऊन, तू विश्वासाने सांगितलेलं माझ्यापाशीच राहील, असं म्हणू नका. कांटला आवडलं असतं. पण तुम्ही म्हणाल, मूल गप्प बसेल त्याचं काय? तो प्रश्न खरा आहे. गप्प बसलेल्या मुलाला पुन्हा त्याच घरी जायचं असतं.

माझं म्हणणं असं. मूल ‘कुणाला सांगू नका’ म्हणतं तेव्हा त्याच्या मनात ‘कुणाला’ म्हणजे साऱ्या जगाला असं नसतं. त्याच्या मनात दोन-तीन ठरावीक माणसं असतात. त्याला न्यायाधीश माहीतच नाही, तो त्याच्या भीतीत नाही. आपण मोठे त्याचं वाक्य वकिलासारखं वाचतो आणि घाबरतो. तर खोटं ‘नाही’ आणि कोरडं ‘हो’ या दोघांच्या मध्ये जागा आहे. ‘मी कुणाकुणाला सांगणार आहे ते तुला सांगते. आणि तुला कोण नको आहे ते तू मला सांग.’ म्हणजे मघाची ती यादी, मुलासमोर केलेली. मूल त्यातलं सगळं ठरवू शकणार नाही. आरोपीच्या वकिलाचा बघण्याचा हक्क मुलाच्या ‘नको’ने जात नाही, आणि जाऊही नये, निर्दोष माणूस तुरुंगात गेला तर त्यात मुलाचंही भलं नाही. पण यादीतली बरीच नावं अशी असतात की त्यांना काही हक्कच नसतो. शाळा, नातेवाईक, शेजारी, शिबिरातले पंचेचाळीस जण.

आणि या यादीत एक नाव हमखास विसरलं जातं. ते मूल स्वतः, वीस वर्षांनंतरचं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९९ मध्ये समितीपुढचे आणि मंडळापुढचे मुलाविषयीचे अहवाल गोपनीय म्हटले आहेत. पण त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो, पीडिताला स्वतःच्या प्रकरणाची कागदपत्रं, आदेश बघायला नकार देता येणार नाही. फार कमी लोकांना हे माहीत असतं. उद्या त्या मुलीने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी येऊन विचारलं, माझा जबाब दाखवा, मला बघायचंय मी काय म्हटलं होतं आणि मला काय विचारलं होतं, तर आपण काय काढून देणार? लिफाफ्यातलं मेमरी कार्ड तोवर चालेल? ते वाचणारं यंत्र असेल? लिफाफा असेल? रॉचडेलच्या मुलांना निदान फिती मिळाल्या. आपल्याकडे ‘शक्य असेल तिथे’मुळे मुद्रणच झालं नसेल, तर तिच्या हातात एकच कागद पडणार, ‘विचारलेवरून जबाब देते की’.

मी त्या समुपदेशक बाईंना हे सगळं इतकं लांबलचक नाही, पण थोडक्यात लिहून कळवलं होतं. महिन्याभराने त्यांचं दुसरं पत्र आलं. त्यांनी एका मुलासमोर तशी यादी म्हणून पाहिली. पोलीस ताई, एक डॉक्टर, कोर्टातल्या मॅडम, दोन वकील. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि आमच्या वर्गाच्या बाई?’ त्या म्हणाल्या, नाही, त्यांना नाही सांगणार. मुलाने पुन्हा विचारलं, ‘नक्की?’ त्या म्हणाल्या, नक्की. मग मूल बोलायला लागलं. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, आता शाळेतून दोनदा फोन येऊन गेलाय, मुख्याध्यापकांना ‘फक्त माहितीसाठी’ सगळं हवंय, आणि मी अजून दिलेलं नाही.